धात्रीपासून मातृदुग्धपेढीपर्यंत

नवजात अर्भकाचे अन्न म्हणजे त्याच्या आईचे दूध, ही गोष्ट कोणाला शिकवावी लागत नाही. परंतु आई प्रसूतीत दगावली, आजारी पडली, तिला पुरेसा पान्हा फुटला नाही किंवा मूल इतक्या अपुऱ्या दिवसांचे जन्मले की त्याला अंगावर ओढून पिता येईना, तर त्या मुलाने काय प्यावे? हा प्रश्न मानवी समाजापुढे अगदी आरंभापासून उभा आहे. दूध निर्जंतुक करण्याची शास्त्रीय पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. त्यापूर्वीच्या हजारो वर्षांत अशा मुलाला जगविण्याचा भरवशाचा मार्ग एकच होता, तो म्हणजे दुसऱ्या बाळंतिणीचे दूध.

दूध पाजणाऱ्या या दुसऱ्या स्त्रीला संस्कृत ग्रंथांनी धात्री म्हटले, लोकव्यवहारात ती दाई किंवा दूधआई झाली. तिच्यामुळे असंख्य मुले वाचली, यात शंका नाही. तथापि ज्या स्त्रीच्या अंगावर दूध आहे, तिला स्वतःचेही मूल असते. दूध घेणाऱ्या मुलाची नोंद इतिहासाने अनेकदा ठेवली. दूध देणारीच्या मुलाचे काय झाले, याची चौकशी मात्र क्वचितच केली. शिशुपोषणाच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले, म्हणजे आजच्या मातृदुग्धपेढीचे महत्त्व नीट ध्यानात येते.

प्राचीन समाजातील धात्री

धात्रीची प्रथा किती जुनी आहे, याचा पुरावा बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या संहितेत मिळतो. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातील या संहितेत धात्रीसंबंधी एक कलम आहे. सोपविलेले मूल आपल्याकडे असताना दगावले आणि धात्रीने आईबापांना न कळविता दुसरे मूल पाजण्यास घेतले, तर तिचे स्तन कापावेत, अशी कठोर शिक्षा त्यात सांगितली आहे. इजिप्तमध्ये तूतनखामेन राजाच्या माया नावाच्या धात्रीला सक्कारा येथे स्वतंत्र कबर लाभली. ती १९९६ मध्ये उजेडात आली. एकीकडे देहदंड आणि दुसरीकडे राजसन्मान, अशा दोन टोकांमध्ये धात्रीचे स्थान होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरेनस या ग्रीक वैद्याने धात्रीची निवड कशी करावी आणि तिच्या दुधाचा थेंब नखावर घेऊन त्याची परीक्षा कशी करावी, हे सविस्तर लिहून ठेवले आहे.

भारतीय आयुर्वेदानेही हा विषय तितक्याच बारकाईने हाताळला. चरकसंहितेच्या शारीरस्थानात धात्रीची लक्षणे दिली आहेत. ती तरुण, निरोगी, शांत स्वभावाची, स्वच्छ राहणारी, भरपूर दूध असणारी आणि समान वर्णाची असावी. तिचे मूल जिवंत असावे, असे चरक सांगतो. शुद्ध दूध पाण्यात टाकले असता एकरूप होते, ही परीक्षाही या ग्रंथांत आढळते. स्तन्य मिळत नसेल तर शेळीचे किंवा गाईचे दूध द्यावे, असे वाग्भटाने अष्टांगहृदयात म्हटले आहे.

चरकाच्या यादीतील 'मूल जिवंत असावे' ही अट विशेष विचार करण्याजोगी आहे. धात्रीचे मूल जगले, याचा अर्थ तिचे दूध चांगले, एवढ्यासाठीच त्याचा उल्लेख आहे. धात्री दुसऱ्याच्या घरी गेल्यावर त्या मुलाने काय प्यावे, याविषयी ही यादी मौन बाळगते. हे मौन केवळ आयुर्वेदाचे नाही. सोरेनसचा रोम आणि हम्मुराबीचे बॅबिलोन यांच्याही विचारात ते मूल आलेले नाही.

प्राचीन ज्ञानातील आणखी एका गोष्टीचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरते, तोवर बाळाला मध व तूप द्यावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. पहिल्या दिवसांतील घट्ट पिवळसर चीक पिळून टाकण्याची रूढी अनेक समाजांत अलीकडेपर्यंत होती; युरोपातील जुन्या वैद्यांचेही चिकाविषयी प्रतिकूल मत होते. आधुनिक विज्ञानाने हे मत पूर्णपणे बदलले आहे. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये भरपूर असल्याने ते बाळाचे पहिले संरक्षक कवच होय. मध तर एक वर्षाच्या आतील मुलाला देऊच नये, कारण त्यातील विशिष्ट जंतूंपासून गंभीर विषबाधेचा धोका असतो.

दुधाचे नाते

धात्री आणि मूल यांच्यातील संबंधाला अनेक समाजांनी नात्याची प्रतिष्ठा दिली. इस्लामी धर्मशास्त्रात एका स्त्रीचे दूध प्यालेली मुले परस्परांची दूधभावंडे मानली जातात आणि त्यांच्यात विवाह निषिद्ध असतो. पैगंबर महंमद यांचे बालपणीचे पोषण हलीमा या धात्रीकडे झाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात धाराऊचे नाव आदराने घेतले जाते. छत्रपती संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर झाला. मातोश्री सईबाई यांची प्रकृती प्रसूतीनंतर ढासळली. पुढे १६५९ मध्ये त्यांचे निधन झाले. बाळराजांना दूध पाजण्यासाठी पुरंदरच्या परिसरातील कापूरहोळ गावच्या गाडे घराण्यातील धाराऊ गडावर आली. संभाजीराजांची दूधआई म्हणून आजही त्या गावी तिची स्मृती जपली जाते. राजस्थानात मेवाडच्या राजपुत्र उदयसिंहाला वाचविण्यासाठी स्वतःच्या मुलाचा बळी देणाऱ्या पन्ना दाईची कथाही अशीच लोकांच्या स्मरणात आहे.

धाराऊ आणि पन्ना यांची नावे टिकली, ती राजघराण्यांशी असलेल्या संबंधामुळे. गावोगावच्या ज्या स्त्रियांनी शेजारणीच्या, नणंदेच्या किंवा मृत जावेच्या मुलाला आपल्या मुलाबरोबर पदराखाली घेतले, त्यांची नोंद कोठेच नाही. ते दूध मायेने दिलेले होते आणि त्यात स्वतःच्या मुलाला दूर लोटण्याचा प्रश्न नव्हता. दूध पगारावर घेतले जाऊ लागले किंवा सक्तीने घेतले जाऊ लागले, तेव्हा मात्र परिस्थिती बदलली. अमेरिका व ब्राझीलमधील मळ्यांवर गुलाम स्त्रियांना आपल्या मुलांना बाजूस सारून मालकाच्या मुलांना पाजावे लागे.

पॅरिस आणि धात्रीचे मूल

पगारी धात्रीची व्यवस्था सर्वांत मोठ्या प्रमाणावर उभी राहिली ती फ्रान्समध्ये. अठराव्या शतकात पॅरिसमधील श्रीमंत स्त्रियांबरोबरच दुकाने व कारखाने चालविणाऱ्या कष्टकरी कुटुंबांतील स्त्रियाही आपली मुले खेड्यांतील धात्रींकडे धाडीत. हा व्यवहार इतका वाढला, की १७६९ मध्ये त्यासाठी सरकारी कार्यालय स्थापन करावे लागले. १७८० च्या सुमारास पॅरिसच्या पोलीस प्रमुखाने दिलेल्या अंदाजानुसार शहरात वर्षाला जन्मणाऱ्या सुमारे २१,००० मुलांपैकी आईच्या अंगावर पिणारी जेमतेम १,००० होती. गाडीतून दूरवर नेलेली अनेक मुले परत आली नाहीत. अनाथालयातील उपदंशग्रस्त मुलांपासून गरीब धात्रींना त्या रोगाची लागण होई आणि रोगी धात्रीपासून निरोगी मुलांना.

या प्रथेविरुद्ध विचारवंतांनी आवाज उठविला. इंग्लंडमध्ये डॉ. विल्यम कॅडोगन यांनी १७४८ मध्ये, स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५२ मध्ये आणि रूसोने १७६२ मध्ये मातेने स्वतः दूध पाजावे असा आग्रह धरला. परंतु उपदेशाने कष्टकरी आईला घरी बसणे शक्य झाले नाही. शेवटी डॉक्टर व लोकप्रतिनिधी असलेल्या थिओफिल रूसेल यांच्या प्रयत्नांतून २३ डिसेंबर १८७४ रोजी फ्रान्समध्ये कायदा झाला. पगारावर सोपविलेल्या दोन वर्षांखालील प्रत्येक मुलावर त्याने सरकारी देखरेख ठेवली. शिवाय दुसऱ्याच्या घरी राहून दूध पाजू इच्छिणाऱ्या स्त्रीला आपल्या गावच्या नगराध्यक्षाचा दाखला आणणे सक्तीचे केले. तिचे स्वतःचे मूल जिवंत आहे काय, ते सात महिन्यांचे झाले आहे काय आणि झाले नसल्यास त्याला दुसरी स्त्री दूध पाजते काय, याची नोंद त्या दाखल्यावर असे.

ग्रंथांनी आणि बाजाराने ज्या मुलाविषयी विचारले नव्हते, त्याच्याविषयी येथे कायद्याने विचारले. आणि उत्तर देण्याची जबाबदारी टाकली ती गावच्या कारभाऱ्यावर. अंमलबजावणीत त्रुटी राहिल्या असतील. परंतु तत्त्व म्हणून या तरतुदीचे मोल मोठे आहे.

वरचे दूध आणि बाटली

जनावराचे दूध मुलांना पाजण्याचा उपायही प्राचीन आहे. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात लहान मुलांच्या थडग्यांत तोटीची मातीची भांडी सापडली होती. अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या या भांड्यांत रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधाचे अंश असल्याचे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडील बोंडल्याचेच हे पूर्वज म्हणता येतील. परंतु गाईच्या दुधातील प्रथिने व क्षार वासराच्या झपाट्याने होणाऱ्या वाढीसाठी असतात. प्रथिनांचे प्रमाण मानवी दुधाच्या सुमारे तिप्पट असते. नवजात बालकाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना हा भार पेलत नाही. त्यात अस्वच्छ पाणी व भांडे यांची भर पडली, की अतिसार ठरलेला.

एकोणिसाव्या शतकात उद्योगाने हा प्रश्न हाती घेतला. १८४५ मध्ये रबरी बोंडीचे पेटंट अमेरिकेत घेतले गेले. १८६० नंतरच्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग आणि स्वित्झर्लंडमधील हेन्री नेस्ले यांनी शिशुआहार तयार करून विक्रीस आणले. लांब रबरी नळीच्या बाटल्या लोकप्रिय झाल्या. त्या नळ्या आतून स्वच्छ होत नसल्याने असंख्य मुलांचे बळी गेले आणि फ्रान्सने १९१० मध्ये अशा बाटल्यांवर बंदी घातली. दुसरीकडे फ्रान्समधील फेकां या गावी डॉ. लेऑन द्युफूर यांनी १८९४ मध्ये निर्जंतुक दूध वाटणारे केंद्र सुरू केले. तेथे मुलांची वजने घेतली जात आणि मातांना मार्गदर्शन केले जाई. माता-बाल संगोपन केंद्राची कल्पना अशा केंद्रांतून विकसित झाली.

विसाव्या शतकात दुधाच्या भुकटीचा प्रसार वसाहतींत आणि नंतर नवस्वतंत्र देशांत झाला. गोडसर आटवलेले दूध शिशुआहार म्हणून खपविण्याच्या प्रकाराविरुद्ध डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूर येथे प्रखर भाषण केले. बाटलीने आणखी एक हानी होते. बाळ जितके ओढते, तितके आईचे दूध वाढते, हा निसर्गाचा नियम आहे. वरच्या दुधाने बाळाचे पोट भरले की ते कमी ओढते, आईचे दूध आटत जाते आणि मग डबा विकत घेणे अपरिहार्य होते. गरीब कुटुंब तो डबा पुरवून पुरवून वापरते आणि पातळ दुधावर मूल कुपोषित होते.

जागतिक आरोग्य सभेने मे १९८१ मध्ये मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीसंबंधी आंतरराष्ट्रीय संहिता ११८ मतांनी स्वीकारली. विरोधात केवळ अमेरिकेचे मत पडले. भारताने १९९२ मध्ये शिशुदुग्धपर्याय, दूधबाटल्या व शिशुआहार यांविषयी कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. या वस्तूंची जाहिरात करणे, मातांना मोफत नमुने देणे, वेष्टनावर बाळाचे चित्र छापणे आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू देणे यांस या कायद्याने बंदी आहे.

दुग्धपेढीचा उदय

ज्या मुलाला आईचे दूध मिळू शकत नाही, त्याचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. त्याला उत्तर म्हणून व्हिएन्ना येथे १९०९ मध्ये आणि पाठोपाठ बोस्टन येथे मानवी दूध संकलित करण्यास आरंभ झाला. १९३४ मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतात डिऑन कुटुंबात एकाच वेळी पाच मुली जन्मल्या. अपुऱ्या दिवसांच्या या पाचही मुली जगल्या. त्यांच्यासाठी दूरच्या शहरांतून मातांचे दूध आगगाडीने पाठविले जात असे. १९८० नंतरच्या दशकात एड्सच्या भीतीने पाश्चात्त्य देशांतील अनेक पेढ्या बंद पडल्या.

नेमक्या त्याच काळात, २७ नोव्हेंबर १९८९ रोजी, मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्धपेढी सुरू झाली. ही आशियातील पहिली मातृदुग्धपेढी होय. धारावीच्या शेजारचे हे रुग्णालय गरीब वस्तीचा मोठा आधार आहे. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या मुलांना वरच्या दुधापासून होणारे संसर्ग टाळणे, हा या प्रयत्नामागील हेतू होता. इंग्लंडमधील एका अभ्यासाने त्याला १९९० मध्ये पुष्टी दिली. आतड्याचा भाग सडविणारा एक घातक विकार केवळ कृत्रिम दुधावरील अपुऱ्या दिवसांच्या मुलांत, केवळ मानवी दुधावरील मुलांच्या तुलनेत सहा ते दहा पट अधिक असल्याचे त्यात आढळले.

पेढीची कार्यपद्धती साधी, परंतु काटेकोर आहे. दान करणाऱ्या मातेची प्रकृती तपासली जाते. एचआयव्ही, कावीळ ब आणि उपदंश यांच्यासाठी रक्ताची चाचणी होते. हात स्वच्छ धुऊन निर्जंतुक भांड्यात दूध काढले जाते. अनेक मातांचे दूध एकत्र करून ते ६२.५ अंश सेल्सिअस तापमानावर ३० मिनिटे ठेवतात आणि त्वरित थंड करतात. जंतुतपासणीत निर्दोष ठरलेले दूध उणे २० अंशांवर गोठवून ठेवले जाते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने, पालकांच्या संमतीने गरजू बालकाला दिले जाते. तापविल्याने काही संरक्षक द्रव्ये कमी होतात. म्हणून स्वतःच्या आईचे दूध हे नेहमीच पहिले आणि पेढीचे दूध दुसरे, हा क्रम पाळला जातो.

या सर्व नियमांत एक नियम पायाभूत आहे. मातेने आधी स्वतःच्या बाळाला पोटभर पाजावे आणि त्यानंतर उरलेलेच दूध द्यावे. त्याचा मोबदला घेऊ नये. चरकाच्या यादीत केवळ साक्षीपुरते आलेले धात्रीचे मूल येथे पहिल्या हक्काचे मानकरी ठरते. समान वर्णाची अटही येथे उरत नाही, कारण अनेक घरच्या मातांचे दूध एकाच भांड्यात एकत्र होते. दुधाच्या नात्याविषयी मुस्लिम कुटुंबांच्या मनात शंका असल्यास तिचा आदर करून, पूर्ण माहिती देऊनच संमती घेणे उचित ठरते.

केंद्र शासनाने २०१७ मध्ये स्तन्यव्यवस्थापन केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मानवी दुधाचा व्यापार करण्याचे प्रयत्न काही ठिकाणी दिसून आल्यावर अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाने २४ मे २०२४ रोजी, अशा विक्रीला कायद्याची परवानगी नाही, असे स्पष्ट केले. हा इशारा महत्त्वाचा आहे. दुधाला किंमत आली की गरीब माता ते स्वतःच्या बाळाच्या तोंडून काढून विकेल आणि पॅरिसचा इतिहास नव्या रूपात परत येईल. चाचणी न केलेले दूध परस्पर देणे-घेणेही सुरक्षित नाही.

गावपातळीवरील जबाबदारी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत झाल्याचे दिसते. परंतु जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेली बालके केवळ ४१.८ टक्के होती. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बालकांचे प्रमाण ६३.७ टक्के होते. बहुतेक बाळंतिणी डॉक्टर व परिचारिकांच्या नजरेखाली असताना पहिला तास हातून जातो. तेव्हा याचा दोष केवळ घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या रूढींवर टाकून चालणार नाही. बाळाला तासाभरात आईजवळ देणे, सहा महिने पाणी किंवा बाळगुटीही न देणे आणि त्यानंतर पूरक आहाराबरोबर दोन वर्षे व त्यापुढेही स्तनपान चालू ठेवणे, हा क्रम संस्था आणि कुटुंब या दोघांनीही सांभाळावयाचा आहे.

दुसरी बाब मातेच्या वेळेची आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला कामाच्या वेळेत दूध पाजण्यासाठी दोन विराम दिले आणि २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची केली. शेतमजूर, ऊसतोड कामगार आणि वीटभट्टीवर राबणाऱ्या स्त्रिया मात्र या लाभाच्या बाहेरच राहत आल्या. पूर्वीच्या धात्रीचे दूध विकत घेतले जाई. या मातांचे दूध कोणी घेत नाही, परंतु त्यांचा सारा दिवस विकत घेतला जातो आणि फडाच्या कडेला झोळीत ठेवलेले मूल तितकेच उपाशी राहते.

रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून जाणाऱ्या हिरकणीची आख्यायिका महाराष्ट्रात प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. तिच्याच नावाने एसटी बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष उभारण्यात आले. शिक्षक ही गोष्ट सांगताना मातेच्या धाडसाचे कौतुक करतात, ते योग्यच आहे. त्याबरोबर दरवाजा बंद का होता, हेही मुलांशी बोलता येईल. ग्रामपंचायतीच्या बाजाराच्या आवारात एक आडोसा, कामाच्या ठिकाणी मुले सांभाळणारी एक स्त्री, तोडणीला आलेल्या टोळीत तान्ही मुले किती आहेत याची आशा व अंगणवाडी सेविकांकडून नोंद, आणि दवाखान्यात फुकट डबे वाटले जात असल्यास लेखी तक्रार, एवढे प्रत्येक गावाला करता येण्यासारखे आहे. दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील गावच्या कारभाऱ्याला दाखल्यावर सही करण्यापूर्वी विचारावा लागणारा प्रश्न आजही जुना झालेला नाही. कामावर आलेल्या प्रत्येक बाळंतिणीबद्दल, तिचे मूल कोठे आहे आणि ते काय पिते, हे तिच्या गावाने विचारले पाहिजे.